भिंतीवर कीपर नाही

वादात सलील बर्व्याला हरवणारा माणूस बहरीनमध्ये अजून उतरायचा होता, असं निदान सलीलला वाटायचं. ऑफिसात तो अकाउंट्स बघायचा, म्हणजे दिवसभर तोंड मिटून बसायचा, आणि आठवडाभर साठलेलं बोलणं शुक्रवारी फ्रायडे इलेव्हनच्या पोरांवर ओतायचा. पोरं कसली, सगळे चाळिशीच्या आसपासचे बाप्ये. माहूज वस्तीच्या मागच्या रेताड मैदानावर काथ्याची चटई अंथरायची, ऊन चढायच्या आत खेळून घ्यायचं, ताहिरभाई आणि बाकीची कोकणातली मंडळी जुम्म्याची नमाज पढून आली की त्यांच्यातल्याच जयप्रकाशच्या फ्लॅटवर जेवायचं आणि मग संध्याकाळपर्यंत वाद घालायचा, असा त्यांचा शुक्रवार.

वादाचा विषय सलीलनेच आणून दिला होता. त्याच्या ऑफिसात एक अमेरिकन इंजिनियर होता, बेसबॉलवेडा. त्यांच्याकडे म्हणे थोर खेळाडूंचं मानाचं दालन असतं, हॉल ऑफ फेम, आणि कुणावर अन्याय झाला, कुणाला अजून आत घेतलं नाही, यावर तिकडची माणसं वर्षानुवर्षं भांडतात. सलीलला त्या खेळातलं ओ की ठो कळलं नाही, पण भांडण फार आवडलं. जयप्रकाशची बायको पुण्याला असल्यामुळे त्याच्या हॉलची भिंत मोकळीच होती. मग ठरलं, दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी एकाला निवडायचं, त्याचा फोटो भिंतीवर लावायचा, आणि ज्याने नाव सुचवलं त्यानेच खिळा ठोकायचा.

नियम एकच होता. जो व्हिसा कॅन्सल करून बहरीन कायमचं सोडून गेला, त्याचाच फोटो लागणार. सुट्टीवर गेलेला चालणार नाही. इथे असलेल्यांतून निवडायला गेलो तर डोकी फुटतील, असं जयप्रकाश म्हणायचा आणि ते खरंच होतं. शिवाय गेलेल्या माणसाची आठवण ठेवायला आखातात दुसरी जागा तरी कुठे असते? आठवड्याभरात त्याच्या खोलीत दुसरा कुणी राहायला येतो.

ताहिर परकार क्लबाचा कीपर. रत्नागिरीकडचा, सलीलच्याच कंपनीत स्टोअरकीपर. सलील पहिल्या स्लिपमध्ये त्याच्या बाजूला उभा राहायचा आणि सकाळ-संध्याकाळ त्याला आपल्या गाडीतून ऑफिसला न्यायचा-आणायचा. इतक्या वर्षांत दोघांचं एकदाही वाजलं नव्हतं, कारण गाडीत सलील बोलायचा आणि ताहिर ऐकायचा. यंदाच्या हिवाळ्यात ताहिरला फॅमिली व्हिसा मिळाला, रुकय्याभाभी आणि छोटी लेक जिकरा आल्या, आणि तेव्हापासून ताहिरही थोडं बोलायला लागला होता. बहुतेक जिकराबद्दलच बोलायचा.

आता या गोष्टीतली लाजिरवाणी बाब सांगायलाच हवी. मे महिन्यातल्या एका शनिवारी साहेबांनी सलीलला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की स्टोअरला नवा माणूस येतोय, जूनमध्ये परकारचा व्हिसा कॅन्सल करायचा, कागद तयार ठेव आणि पहिल्या तारखेपर्यंत तोंडाला कुलूप लाव. सलील 'येस सर' म्हणाला. यात त्याचा दोष नव्हता. पण मंगळवारी गाडीत ताहिरनेच विषय काढला. क्लबातला मुहर्रकचा इलियास विमानतळावर कार्गोत होता, त्याने ताहिरसाठी तिथे एक जागा बघून ठेवली होती. पगार तितकाच, शिफ्ट मात्र वेडीवाकडी. जाऊ का, असं ताहिर विचारत होता. सलीलने आरशात बघितलं, गिअर बदलला आणि म्हणाला, "बघा बुवा, तुमचं तुम्हीच ठरवा." ताहिरने ठरवलं. जुनी कंपनी बरी, असं म्हणून त्याने इलियासला नाही कळवलं.

सलीलला त्या रात्री नीट जेवण गेलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगता येईल. बायकोने, चारुलताने, काय झालं विचारलं तर ऑफिसचं काम म्हणून त्याने वेळ मारून नेली. आपण बायकामुलांचा माणूस, नोकरी धोक्यात का घालायची, हे त्याने स्वतःला इतक्या वेळा समजावलं की शुक्रवारपर्यंत त्याला ते शहाणपण वाटायला लागलं होतं.

शुक्रवारी रुकय्याभाभीने पाठवलेली बिर्याणी हाणून सगळे भिंतीखाली बसले. जयप्रकाशने इक्बालचं नाव काढलं. डावखुरा फिरकीवाला, दोन वर्षांपूर्वी म्हसळ्याला परत गेलेला. ताहिर दर वर्षीप्रमाणे विठ्ठलसाठी भांडायला बसला. विठ्ठल फिटर होता, बॅटिंगला गेला की एक बाजू लावून धरायचा, धावा दुसरेच करायचे आणि टाळ्याही त्यांनाच. अशा माणसाला कोण विचारतो, असं ताहिर कळवळून म्हणाला. जयप्रकाश म्हणाला की विठ्ठलची बॅटिंग बघताना पंचांनाही डुलकी लागायची. सगळे खदाखदा हसले.

मग सलील इरेला पेटला. तुम्ही दोघंही चुकताय, म्हणाला. या भिंतीवर सगळे चौकार मारणारे नाहीतर दांड्या उडवणारे आहेत, एकही कीपर नाही. दिवसभर उन्हात उठाबशा काढणारा माणूस चेंडू सुटल्यावरच तुम्हाला दिसतो. खरा अन्याय झालाय तो ताहिरभाईंवर, यंदा फोटो त्यांचाच लागला पाहिजे. बोलला झकास. ताहिर लाजून दाढी खाजवायला लागला, आणि दोन-चार जणांनी माना डोलावल्या.

जयप्रकाशने नियम दाखवला. परकार इथे समोर बसलाय, बिर्याणी त्याच्या घरची खाल्ली, आणि त्याला भिंतीवर कसा टांगणार? अजून वीस वर्षं तो इथून हलत नाही.

जिंकायला सलीलला एकच पाऊल उरलं होतं, आणि त्याने ते टाकलं.

"वीस वर्षं कुठली? जूनमध्ये व्हिसा कॅन्सल होतोय त्यांचा. फोटो लावेपर्यंत नियमात बसतात."

शब्द बाहेर पडले आणि मग त्याच्याच कानांवर आले. कुणी हसलं नाही. ताहिर अजून थोडा हसतच होता, कौतुकाचं हसू चेहऱ्यावरून उतरायला त्याला वेळ लागला. त्याने सलीलकडे बघितलं, मग दाराजवळ बसलेल्या इलियासकडे.

"ती जागा काल भरली," इलियास म्हणाला.

"कवापासून ठावं हाय तुला?" ताहिरने सलीलला विचारलं.

सलीलला खोटं सुचलंसुद्धा नाही. "शनिवारपासून," तो म्हणाला.

ताहिरने मान हलवली. उठून स्वयंपाकघरात गेला, बिर्याणीचं रिकामं पातेलं धुतलं, फडक्यात बांधलं आणि सगळ्यांना खुदा हाफिज म्हणून इलियासबरोबर निघून गेला. सलील रोजच्या सवयीने गाडीची किल्ली घेऊन उठला होता, तो तसाच उभा राहिला. कुणी त्याला शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. जयप्रकाशने नुसतं पाण्याचे ग्लास उचलायला सुरुवात केली. सलीलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारपासून ताहिर बसने ऑफिसला यायला लागला. बातमी साहेबांच्या कानावर गेली, आणि त्यांनी ताहिरला बोलावून विचारलं की ती फुटली कुठून. सलील बाजूच्या खोलीत कान टवकारून बसला होता. ताहिरने सांगितलं, इतकी वर्षं स्टोअर सांभाळतोय साहेब, हवा कळते. सलीलचं नाव त्याने घेतलं नाही. उठून आत जावं आणि मीच सांगितलं म्हणावं, असं सलीलला वाटलं. तो उठला नाही. मंगळवारी गाडीत गप्प बसला तसाच खुर्चीत गप्प बसला. या खेपेला मात्र शहाणपणाचं नाव त्याला देता येईना, लाज वाटत राहिली.

जून उजाडला. निघायच्या आदल्या संध्याकाळी ताहिर सलीलच्या दारात उभा राहिला. चारुलताने बसा म्हटलं तर तो बसला, चहाही घेतला. सलीलने तीन आठवडे मनात घोळवलेली माफी कशीबशी बाहेर काढली. बोलणाऱ्या माणसाची जीभ इतकी अडखळलेली चारुलताने कधी पाहिली नव्हती.

ताहिर सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "सगळ्यांसमोर बोललास त्याचं काय नाय रे. आज ना उद्या कळणारच होतं. पण त्या दिवशी गाडीत मी तुला विचारलं होतं."

ताहिरने पिशवीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. भिंतीसाठी त्याच्या नावाचा ठराव क्लबाने एकमताने केला होता, फोटो तेवढा हवा होता. चटईवर स्टंपांमागे ओणवा झालेला ताहिर, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून पहिल्या स्लिपमध्ये सलील. दोघंही कशाला तरी हसत होते.

"यात मी पण आहे," सलील म्हणाला. "मी इथेच आहे ना अजून. नियमात बसत नाही. माझी बाजू कापतो."

"कापू नको," ताहिर म्हणाला. "एवढाच एक बरा आलाय माझा. रुकय्याने निवडलाय. तिला अजून तुझं मी काय सांगितलेलं नाय."

तो गेला. पुढच्या शुक्रवारी जयप्रकाशने हातोडी आणि खिळा सलीलच्या हातात दिला, कारण नाव त्यानेच सुचवलं होतं. सलीलने खिळा ठोकला, फोटो अडकवला, सरळ केला. कुणीतरी म्हणालं, अरे हा सलील राहिला की यात, कापायचा होता. जयप्रकाशने तिकडे बघून राहू दे म्हटलं.

मग जेवायला बसले. भिंतीकडे पाठ करून बसायची एकच जागा होती आणि ती सलीलने धरली. समोर बसलेले सगळे जेवता जेवता वर बघत होते, आणि त्यांच्या नजरेत आपण दोनदा येतोय हे त्याला घास गिळताना कळत होतं.