मार्चमध्ये मी खाल्लेले पत्र

मित्रांनो, ज्या कागदांना घरात कुठेच जागा उरत नाही, ते शेवटी माझ्याकडे येतात. मी एक जुना श्रेडर आहे, कागद कातरणारे यंत्र. मला काळे प्लास्टिकचे डोके आहे, त्यात पोलादी दातांचे दोन रूळ आहेत आणि खाली पारदर्शक डबा आहे. तोंडाशी कागद धरला की मी तो आत ओढतो. कागद कसला, हे मी विचारत नाही. तशी सोय माझ्यात कुणी केलेली नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलावर एका बाईने मला कोरा कागद भरवून पाहिला, मान हलवली आणि खोके बंद केले. समुद्र ओलांडून मी कॅलिफोर्नियात आलो. फ्रीमाँटच्या एका मोठ्या दुकानात, प्रिंटरांच्या शेजारी, बरेच दिवस फळीवर बसून होतो. तिथून श्रीरामकाकांनी मला घरी आणले. तेव्हा त्यांची ज्ञानदा सहावीत होती.

"याच्या तोंडात बोट घालायचं नाही हं," काका म्हणाले.

"व्हॉट डझ इट ईट, बाबा?"

"आपलं नाव. नाव लिहिलेलं सगळं."

काका चिप तपासणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. नाव-पत्ता असलेला कागद कचऱ्यात टाकायचा नाही, हा त्यांचा नियम होता. रविवारचा चहा झाला की ते माझ्यापुढे स्टूल ओढून बसत. बँकेची पत्रे, जुनी बिले, क्रेडिट कार्डांची आमंत्रणे, सगळे माझ्या पोटात जाई. सुनेत्राकाकूंच्या चिठ्ठ्यासुद्धा. काकू घरून पुरणपोळ्या, चकल्या आणि अनारसे करून देत. सनीव्हेलपासून फ्रीमाँटपर्यंत कितीतरी मराठी घरांत त्यांचा फराळ जाई आणि पैसे पाकिटातून रोख येत.

"अहो, याचं कुठे लिहून ठेवायला नको का?" एकदा काकूंनी विचारले होते.

"किरकोळ तर आहे. टॅक्सच्या भानगडीत कशाला पडतेस?" असे म्हणत काकांनी 'सिया, पोळ्या चाळीस' ही चिठ्ठी मला भरवली.

पाहुणे म्हणत, "श्रीरामचं घर बघा, एक कागद इकडचा तिकडे नाही." ते ऐकून मला अभिमान वाटे. मित्रांनो, आता वाटत नाही.

ज्ञानदा मोठी झाली. लायब्ररीत तासांच्या पगारावर लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवू लागली. दोन वर्षांपूर्वी सांगलीला तिचे लग्न झाले. देवांग तिथे गुरांचा डॉक्टर आहे. ती अमेरिकन नागरिक, तो नाही. नवऱ्याला इथे आणायचे तर तिने सरकारला हमी लिहून द्यायची होती, की याचा भार मी उचलीन, आणि हा माझ्या मिळकतीचा पुरावा. तिची मिळकत नियमापेक्षा थोडी कमी भरली. मात्र आणखी एका माणसाने सोबत हमी दिली तर चालणार होते.

"अगं, मी आहे ना," काका म्हणाले. गेल्या वर्षी जानेवारीत त्यांनी सही केली आणि पगाराच्या पावत्या जोडल्या. काकूंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

मार्चमधल्या एका गुरुवारी काकू डबे पोचवायला बाहेर गेल्या होत्या. सकाळी अकराला काकांची गाडी परत आली. ते बूट न काढता आत आले. त्या घरात तोवर कुणी बूट घालून माझ्यापर्यंत आलेले नव्हते. त्यांच्या हातात एक लांब पांढरा लिफाफा होता. उभ्या उभ्या त्यांनी पत्र दोनदा वाचले आणि लिफाफ्यासकट माझ्या तोंडात सोडले. एकोणतीस वर्षांची नोकरी त्या दिवशी संपली, एवढेच त्यात लिहिले होते. मी ते खाल्ले. मग काकांनी माझा डबा काढून हलवला. पत्राच्या चिंध्या फराळाच्या चिठ्ठ्यांत मिसळून गेल्या. काका पुन्हा बाहेर पडले, ते संध्याकाळी साडेसहाला, रोजच्या वेळी घरी आले.

"आज काय केलंस जेवायला?" त्यांनी विचारले.

त्यानंतर रोज सकाळी आठला ते लॅपटॉपची बॅग घेऊन निघत. महिनाअखेरीला पगाराएवढी रक्कम स्वतःच्या बचतीतून घरखर्चाच्या खात्यात टाकत. बचतीची पत्रे माझ्याकडेच येत, म्हणून मला ठाऊक. दर महिन्याला त्यांतला आकडा आखूड होत गेला. माझा डबा पारदर्शक आहे, पण त्यात कुणी डोकावले नाही.

ऑगस्टमध्ये व्हिसाच्या कचेरीतून निरोप आला. जानेवारीचे कागद जुने झाले होते. हमीचा नवा फॉर्म आणि पगाराच्या ताज्या पावत्या हव्या होत्या.

"बाबा, फक्त लेटेस्ट पे-स्टब्ज हवेत. टू मिनिट्सचं काम आहे."

"देतो ना. ऑफिसात गडबड चाललीये. या वीकेंडला नक्की."

असे चार वीकेंड गेले. त्या प्रत्येक रविवारी काका माझ्यापुढे बसले, पण हातात कागद नसे.

"बाबा, देवांग विचारतोय. मी त्याला काय सांगू?"

"सांग, सासरा अजून जिवंत आहे. घाई करू नकोस."

काकूंसकट तिघेही हसले. काका जरा जास्तच वेळ हसले.

सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी, सकाळी, पोलिसांचा फोन आला. तळ्याकाठच्या पार्किंगमध्ये, बंद गाडीत, काकांचे हृदय थांबले होते.

"नाही हो," काकू फोनवर इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "ते या वेळी ऑफिसात असतात. दुसरं कुणीतरी असेल. नीट बघा."

तेरा दिवस झाले. कळवायचे राहिले म्हणून ज्ञानदाने काकांच्या कंपनीत फोन लावला. पलीकडची बाई काहीतरी बोलली. ज्ञानदाने "मार्च?" एवढेच विचारले आणि फोन माझ्या डोक्यावर ठेवून दिला. मग तिने टेबलाचा खण उघडला. आत नवा फॉर्म होता. कंपनीचे नाव जुनेच होते, मार्चपर्यंतच्या पावत्या जोडलेल्या होत्या, खाली काकांची सही होती. फक्त तारखेची जागा मोकळी होती. आधी सही करून ठेवायची आणि तारीख मागून घालायची, ही त्यांची जन्माची सवय. तोवर नोकरी लागेल, असे त्यांना वाटले असावे.

संध्याकाळी गुरुदत्तकाका आले. ते काकांचे कॉलेजपासूनचे मित्र. त्यांनी चष्मा वर करून फॉर्म पाहिला.

"सही श्रीरामचीच आहे ना? मग ऑगस्टची तारीख घाल आणि पाठवून दे. तिकडे कोण विचारायला बसलंय?"

"काका, धिस इज फ्रॉड."

"काय यार, केवढाले शब्द वापरता तुम्ही पोरं! नवरा यायला हवाय की नको?"

"मग तुम्ही सही कराल? बाबांच्या जागी?"

गुरुदत्तकाका कपात पाहू लागले. "माझं तसं नाही गं. दोन्ही मुलांची कॉलेजं आहेत, आणि ही हमी म्हणजे वर्षानुवर्षांचं लोढणं. सही सोडून काहीही माग, बेटा."

"सांगलीचं तिकीट काढून द्या मग," ज्ञानदा म्हणाली. ते हसले, ती हसली नाही.

ते गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "माझं चालेल का गं? एका दिवाळीत माझे किती होतात, तुला कल्पना आहे?"

"कागद कुठेय, आई?"

काकूंनी माझ्याकडे पाहिले.

मित्रांनो, त्या घरात काकांकडे पुरावा होता पण पगार नव्हता, आणि काकूंकडे मिळकत होती पण पुरावा नव्हता. काकांचे खरे आणि काकूंचा पुरावा, दोन्ही मी खाल्ले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानदा फॉर्म घेऊन टेबलाशी बसली. तिने तारखेच्या जागी आधी महिन्याचा, म्हणजे ऑगस्टचा, आठ लिहिला आणि पेन तसेच धरून ठेवले. काकू दारात उभ्या होत्या.

"हे गेलं तर देवांग दिवाळीला इथे असेल," ज्ञानदा मान वर न करता म्हणाली.

"आणि मग? प्रत्येक बेल वाजली की दाराकडे बघत बसशील. सहा महिने मी एका माणसाला रोज डबा भरून दिला. तो डबा ते कुठे बसून खात होते, मला माहीत नव्हतं. आता तूही तशीच होणार?"

"आई, ही बाबांची शेवटची सही आहे."

"माहितेय मला."

काकूंनी फॉर्मचे एक टोक धरले, ज्ञानदाने दुसरे. माझा दिवा लागला. आधी कंपनीचे नाव गेले, मग पगाराचा आकडा. शेवटी सही आली तेव्हा ज्ञानदाने कागद क्षणभर घट्ट धरला. मी ओढत राहिलो, कारण मला थांबता येत नाही. तिने बोटे सोडली.

मग तिने खरे काय ते लिहून पाठवले. हमीदार वारले आहेत, मुदत द्यावी. उत्तर आले की वर्षभरात पुरेसा पुरावा आला नाही तर फाइल बंद होईल. त्यातले पाच महिने संपले आहेत. देवांगला तिने फोनवर सगळे सांगितले. तो म्हणाला, "मी थांबेन. पण यापुढे वाईट बातमी आधी मला सांगायची." ज्ञानदा पूर्ण वेळेची नोकरी शोधते आहे. काकू मागच्या तीन वर्षांच्या ऑर्डरी फोनमधल्या जुन्या निरोपांतून वहीत उतरवत आहेत. त्यांवरचा कर आणि दंड दोन्ही भरावे लागणार आहेत. ते भरूनही सरकार मानेल की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. देवांगच्या मुलाखतीची तारीख आलेली नाही.

मला आता जिन्याखाली ठेवले आहे. दातांत धूळ बसली आहे, पण मला तेल घाला असे मी म्हणणार नाही. मित्रांनो, मोठे झालात की तुमच्याही हाती कधीतरी असा लिफाफा येईल, जो घरात कुणाला दाखवावासा वाटणार नाही. तेव्हा आधी स्वयंपाकघरात जा. तिथे जे कुणी असेल, त्याला तो मोठ्याने वाचून दाखवा. आवाज कापला तरी शेवटपर्यंत वाचा. माझ्याकडे यायची घाई करू नका. मला भूक नेहमीच असते.