माझ्यात काहीएक बिघाड नाही

अहो, तिकडे नको, जरा खाली बघा. टेबलाच्या कडेला खिळ्यावर एक वायर टांगलीय आणि तिच्या टोकाशी निळा दिवा लुकलुकतोय ना, तोच मी. मी वायफाय अडॅप्टर बोलतोय. कॉम्प्युटरला केबलशिवाय इंटरनेट मिळवून द्यायचं, हे माझं काम. अंगठ्याएवढा आहे, पण मूर्ती लहान, कीर्ती महान, अशी माझी समजूत होती. या घरात आल्यापासून मात्र सगळे मला बिघडलेला म्हणतात, आणि मी ते ऐकून घेतो. का ऐकून घेतो, तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आमची एवढी भावंडं की आईबापांनासुद्धा मोजता येऊ नयेत. शेवटच्या टेबलावर चष्मा लावलेल्या एक बाई बसायच्या. प्रत्येकाला यंत्रात खुपसून त्या त्याची परीक्षा घेत. माझ्या शेजारचे दोघे नापास झाले. मी पहिल्या फटक्यात पास! हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे माझ्यावर काय काय आळ आले ते तुम्हाला कळेलच.

मग खोक्यात बंद झालो आणि दुकानातल्या आकड्याला सात महिने लटकलो. माझ्यानंतर आलेले हेडफोन गेले, माऊस गेले, मोबाइलची रंगीबेरंगी कव्हरं गेली. माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना. एके दिवशी सकाळी एक कॉलेजातली मुलगी धापा टाकत आली आणि म्हणाली, "काका, जुन्या कॉम्प्युटरला चालेल असा वायफायचा तुकडा आहे का? आत्ता लागणारे."

तुकडा! असो. निघालो तिच्याबरोबर.

घर दुमजली. वरच्या मजल्यावर थोरले एकटे राहतात. खाली धाकटे, त्यांची बायको आणि ही लेक. थोरले आणि धाकटे सख्खे भाऊ, दोघांनीही साठी ओलांडलेली, आणि गेली सहा वर्षं त्यांच्यामधून विस्तव जात नव्हता. कारण विचाराल तर हसाल. थोरल्यांनी न विचारता जिन्याच्या कठड्याला हिरवा रंग द्यायला घेतला. धाकटे म्हणाले, "दवाखाना वाटतोय." थोरले म्हणाले, "मग तू पेशंट हो." शब्दानं शब्द वाढला आणि रंगाचा डबा अर्ध्या जिन्यावरच राहिला. धाकट्यांची बायको शाळेत शिकवते. दिवसभर वर्गातल्या पोरांची भांडणं सोडवणाऱ्या त्या बाईनं या दोघांपुढे केव्हाच हात टेकले होते.

धाकटे घरी बसून कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं जुळवतात. त्या दिवशी दुपारी चारच्या आत लहान मुलांसाठी केलेला तीनशे पानांचा पक्षिकोश छापखान्यात पाठवायचा होता. वर्षभराचं काम. आणि नेमकी आदल्या दिवशी रस्ता खणताना कुणीतरी खालच्या मजल्याची केबल तोडली. कंपनी म्हणाली, आठवडा लागेल. खालच्या खोल्यांत मोबाइलला रेंज नाही. वरच्या मजल्यावर मात्र थोरल्यांचं वेगळ्या कंपनीचं वायफाय ठणठणीत चालू.

"मी नाही त्यांच्याकडे मागणार," धाकटे म्हणाले.

"तुम्ही नका मागू. मी मागते," लेक म्हणाली आणि तिनं माझं खोकं फाडलं.

आता माझी पूर्वतयारी ऐका. मला नुसतं खुपसून भागत नाही. ड्रायव्हर नावाचा माझा एक दुभाष्या आहे. तो कॉम्प्युटरमध्ये आधी बसवावा लागतो, तेव्हा कुठे आम्हा दोघांना एकमेकांचं बोलणं कळतं. तो दुभाष्या माझ्याबरोबरच्या छोट्या सीडीत होता. लेक जरा वळली तेवढ्यात धाकट्यांनी त्या सीडीवर चहाचा कप ठेवला.

"बाबा! ती सीडी आहे!"

"मला वाटलं, कपाखाली ठेवायला दिलीय. गोल आहे की."

सीडी शर्टाला पुसली. पण सीडीचा कप्पा उघडेना, चार वर्षांत त्याला कुणी हातच लावला नव्हता. लेकीनं ठरवलं, ड्रायव्हर इंटरनेटवरून घेऊ. मग तिच्या लक्षात आलं की इंटरनेट मिळवायलाच तर ड्रायव्हर हवाय! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसली गत. शेवटी धाकट्यांनी कागदाला लावायची क्लिप सरळ केली, कप्प्याच्या बारीक भोकात खुपसली, आणि कप्पा कुरकुरत बाहेर आला. माणूस चिडका आहे, पण हात कसबी आहे.

ड्रायव्हर बसला. मला आधी कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला खोचलं. तिथं धूळ आणि लोखंडी पत्रा, मला धड काही ऐकू येईना. मग लेकीनं एक लांब वायर जोडून मला या खिळ्यावर टांगलं. कसं मोकळं वाटलं! शेजारपाजारची सगळी नेटवर्कं भराभर पडद्यावर आणून ठेवली. सगळ्यात वर, भरभक्कम, 'वरचा मजला'. त्याला कुलूप.

लेक वर गेली आणि हात हलवत परत आली. थोरल्यांनी एकतीस वर्षं बँकेत तिजोरीची किल्ली सांभाळलेली. आकडा बोलायचा नाही, लिहायचा नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, हा नियम त्यांच्या हाडात मुरलेला.

"काका म्हणतात, पासवर्ड सांगणार नाही. स्वतः येऊन घालतो."

धाकट्यांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते. मग टेबलावरचे कप उचलले आणि खुर्ची पुसली.

थोरले खाली आले. सहा वर्षांनी. खुर्चीत बसले आणि एक तळवा कीबोर्डवर आडवा धरून लेकीला म्हणाले, "पोरी, त्याला म्हणावं, तोंड तिकडे कर."

"सांग त्यांना, मला डोळे मिटता येतात," धाकटे म्हणाले.

थोरल्यांचं बोट कीबोर्डवर घिरट्या घालू लागलं आणि थांबलं. वर्षानुवर्षं टाइप करून धाकट्यांच्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसून गेली होती. धाकट्यांना ती पाठ. थोरल्यांना काही दिसेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. माझाच जीव कासावीस झाला.

शेवटी डोळे मिटलेल्या धाकट्यांना राहवलं नाही. "कुठलं अक्षर हवंय?"

"ते सांगितलं तर पासवर्डच सांगितला की!"

लेकीनं श्वास रोखला. दोघं एकमेकांशी थेट बोलले होते, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"बरं, मग सगळीच सांगतो. तू मनात मोज, दादा." आणि धाकट्यांनी डोळे मिटून पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत सगळी अक्षरं पाढ्यासारखी म्हणून दाखवली. एकदा नाही, तीनदा. थोरले एका बोटानं एकेक अक्षर दाबत गेले. मी जोडला गेलो. माझ्या आयुष्यात तेवढ्या आनंदानं माझा दिवा कधी लागला नव्हता!

फाइल जायला सव्वा तास लागला. तेवढा वेळ थोरले उठले नाहीत. "हे खंड्याचं चित्र बरं काढलंय," म्हणाले. धाकट्यांनी चहा टाकला. फाइल चारला पाच कमी असताना पोचली. जाताना थोरले म्हणाले, "बारक्या, साखर कमी टाकत जा आता."

आता माझ्या बदनामीची हकिगत. मी पासवर्ड विसरत नाही. एकदा मिळाला की कॉम्प्युटर तो जपून ठेवतो आणि मी रोज आपोआप जोडला जातो. पण त्याच संध्याकाळी लेक बाहेर गेल्यावर धाकट्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि तो साठवलेला पासवर्ड पुसून टाकला! सकाळी चेहरा पाडून लेकीला म्हणाले, "बघ, पुन्हा तुटलं. हा तुकडाच विसरभोळा आहे. काकांना बोलाव."

थोरले दहा वाजता आले, तळवा आडवा धरला, अक्षरं विचारली, चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. नाचता येईना अंगण वाकडं, असं तरी म्हणावं, तर इथे नाचता येत असून खापर अंगणावर! पहिल्या फटक्यात पास झालेला मी, कारखान्यातल्या बाईंनी ऐकलं असतं तर काय वाटलं असतं त्यांना?

नवव्या दिवशी केबल दुरुस्त झाली. म्हटलं, संपलं, आता मला कोण विचारतो. पण धाकट्यांनी केबल काढली, गुंडाळली आणि कपाटामागे सरकवली. बायको-लेकीला सांगितलं, "अजून दुरुस्त नाही झाली. कंपनीचा काही नेम नाही." तेव्हा मला खरं काय ते उमगलं, आणि माझा सगळा राग गेला.

लेकीला हे कुठे ठाऊक! ती प्रामाणिकपणे माझ्यावर वैतागलेली. एके दिवशी चहा चालू असताना म्हणाली, "काका, उद्या मी हा बदलून नवीन आणते. दुकानाची बदलून द्यायची मुदत उद्या संपतेय. मग तुम्हाला रोज खाली यायचा त्रास नाही."

धाकटे एकदम खोकायला लागले. थोरल्यांनी कप खाली ठेवला, "बरं होईल," म्हणाले आणि अर्धा चहा तसाच टाकून वर गेले.

मला वाटलं, आपला शेवट जवळ आला. त्याहून वाईट म्हणजे, माझ्या जागी येणारा शहाणा निघाला तर? आणि धाकट्यांना पुसायची संधीच मिळाली नाही तर?

त्याच संध्याकाळी धाकट्यांना ताप भरला. ते आत जाऊन पडले आणि पासवर्ड पुसायचा राहिला. सकाळी लेकीनं मला नेण्याआधी एकदा कॉम्प्युटर लावून बघितला. मी साठवलेला पासवर्ड घेऊन पळत गेलो. वरून उत्तर आलं, चुकीचा. पुन्हा गेलो. चुकीचा!

लेक अजून पडद्याकडे बघत होती तोच दारातून आवाज आला. "का गं, चालेना ना?"

कुणी बोलावलं नव्हतं. थोरले आपणहून आले होते.

"तुम्हाला कसं कळलं, काका?"

थोरल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काल संध्याकाळी पासवर्ड बदललाय. बदलत राहावा लागतो. आता रोजच बदलणार आहे. नवीन यंत्र आणलंस तरी मला यावंच लागेल, त्याला इलाज नाही." मग खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "तो कुठाय?"

"ताप आलाय बाबांना. झोपलेत."

थोरले ताडताड आत गेले. "गाढवा, सांगायचं नाही का?"

"कसं सांगणार, दादा? तुझा नंबर कुठाय माझ्याकडे?"

मग थोरल्यांनी आपला मोबाइल नंबर सांगितला. मोठ्यानं, एकेक आकडा सुटा करून. आणि धाकट्यांनी नीट लिहून घेतला की नाही, म्हणून पुन्हा एकदा.

लेक खुर्चीत बसून राहिली. केबल तपासावी म्हणून ती वाकली आणि कपाटामागे गुंडाळून ठेवलेली तिला सापडली. तिनं ती हातात घेतली, आतल्या खोलीकडे बघितलं, तोंडावर हात ठेवून खूप हसली आणि डोळे पुसले. केबल होती तशी परत सरकवून ठेवली. दुकानात काही ती गेली नाही.

तर मंडळी, माझं आता असं आहे. माझ्यात काहीएक बिघाड नाही, हे मला, धाकट्यांना, तिला आणि आता तुम्हाला माहीत आहे. कृपा करा आणि या घरात कधी आलात तर माझी बाजू घेऊ नका. परवाच लेकीच्या मावशीचा मुलगा आला होता, कॉम्प्युटरमधला जाणकार. मला हातात घेऊन म्हणाला, "दोन मिनिटांत ठीक करतो." लेकीनं मला त्याच्या हातातून काढून घेतलं, परत खिळ्यावर टांगलं आणि माझ्या वायरीला एक चिठ्ठी चिकटवली. ती अजून आहे. त्यावर लिहिलंय: 'बिघडलेला आहे. दुरुस्त करू नये.'