दोन कॉम्प्युटर, एकच नंबर

आर्णीच्या वैष्णवीचं ऐका रे! तिच्या सेवा केंद्रात बोंडअळीच्या नुकसानीचे ऑनलाइन फॉर्म भरनं चालू होतं. शेवटचा दिवस, पाच वाजता साईट बंद, आन साडेचारपासून नेटच टिकेना! एका कॉम्प्युटरवर आलं का दुसऱ्यावरून जाय.

फॉर्म भराची एक म्हातारी उरली होती, तानाबाई. "काय वं पोरी, माह्याच पाळीत तुह्या डब्बीले काय झालं?"

वैष्णवीनं राउटर तीनदा बंद-चालू केला. हिची कापसाची पराटी अळीनं खाल्ली, आता फॉर्मही गेला तं हिले काय सांगू? मंग एकदम आठवलं, साडेचारले नवा कॉम्प्युटर जोडला, तवा जुना मस्त चालते म्हनून त्याच्या नेटचे सारे आकडे, आयपी नंबरसुद्धा, जसेच्या तसे नव्यात टाकले होते!

"आजी, मीच घोळ केला! दोन घराले एकच नंबर असन, तं पोस्टमन चिठ्ठी कोनाले देईन? राउटरचं तसंच झालं. बाहेरून आलेलं उत्तर कोन्या कॉम्प्युटरले द्याचं, त्याले समजूनच नाही राह्यलं."

"मंग बदल ना वं नंबर, पोस्टमन कायले सांगतं!"

तिनं नव्याचा शेवटचा आकडा बदलला. साईट उघडली, पन अर्धा भरलेला फॉर्म कोरा झालता! चार बावन्न. तानाबाईनं आधार नंबर, गट नंबर घडाघडा सांगतला, वैष्णवी टाइप करत गेली. चार अठ्ठावन्नले फॉर्म पाठवला. स्क्रीनवर चकरी फिरूनच राह्यली... आन प्रिंटर घरघरला!

पावती निंगाली, तानाबाईनं हात पुढं केला, तरी पावतीवरची वैष्णवीची मूठ सुटेना.

"सोड वं," तानाबाई म्हने, "फाटन!"