दोन तासांची शांतता

बंदराच्या मागच्या अंगाला दोरखंडांचं गोदाम आहे. लोखंडी जिना चढून त्याच्या माथ्यावर गेलं की ऐकण्याची खोली लागते. खोली कसली, खुराडंच ते. दोन खिडक्या, त्यातली एक रंगाने चिकटून बसलेली. एक टेबल, टेबलावर संगणकाचा पडदा, टेलिफोन, कोऱ्या फॉर्मांची चवड आणि हेडफोन. हेडफोनच्या गाद्या कधीच झिजल्या होत्या, म्हणून त्यांना जुन्या मोज्यांचं कापड शिवलेलं. शिवणारी अर्थातच ताई.

ताई म्हणजे अख्ख्या बंदराची ताई. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे क्रेनवालेसुद्धा तिला ताईच म्हणत, आणि तिची पाठ फिरली की ‘कानवाली’. "कानवालीला हे ऐकू जाणार नाही असं वाटलं का रे?" असं ती एकदा जिन्यावरून ओरडली, तेव्हा खाली दोघांच्या हातातला चहा सांडला होता.

तिचं काम ऐकण्याचं. बंदराबाहेरच्या चिंचोळ्या समुद्रात सात बोये तरंगत होते आणि प्रत्येकाच्या पोटाखाली, खोल पाण्यात, एकेक माइक टांगलेला होता. इंजिनांची घरघर, साखळ्यांचा खणखणाट, लाटांची कुजबुज असं सगळं त्या सात वाटांनी ताईच्या कानांत येई. त्या गदारोळात कुठे देवमाशाची हाक येते का, तेवढंच टिपायचं. हाक दोनदा आली की बंदराच्या टॉवरला फोन करायचा. टॉवर जहाजांना हुकूम देई, वेग निम्मा करा. रांगत येणाऱ्या जहाजापुढून देवमासा बाजूला होऊ शकतो, भरधाव येणाऱ्यापुढून नाही. शेवटच्या हाकेनंतर दोन तास काहीच ऐकू आलं नाही, तर ताईने म्हणायचं, "सोड." मग जहाजं पुन्हा मोकाट. मनात शंका असली तर फॉर्मवर कारण लिहून तासभर वाढवून घेता येई. नियम एवढाच. पण तो मिळवायला सात वर्षं अर्ज करावे लागले होते आणि ताईच्या चपला झिजल्या होत्या.

टॉवरमध्ये बसायचा तिचा धाकटा भाऊ. देवाची करणी पाहा, एका घरात एकाला ऐकायचं काम दिलं, दुसऱ्याला सांगायचं. त्यांच्या वडिलांकडे दोन्ही होतं. वडील देवाच्या कथा गाऊन सांगायचे. आवाज असा, की मागच्या भिंतीला टेकून पेंगणारा माणूसही ताठ बसे. आणि ऐन रंगात आले की मध्येच थांबायचे. एक शब्द नाही. लोक श्वास धरून बसायचे. लहानपणी ताईला वाटे, बाबा विसरले. एकदा तिने पुढची ओळ कुजबुजून सांगितली, तर घरी आल्यावर ते हसत म्हणाले, "अगं वेडे, गप्प झालो म्हणजे संपलो असं नव्हे. त्या गप्प राहण्यातच तर देव आत येतो."

हे सगळं ताईला पाठ होतं. म्हणून तर पुढे जे झालं ते तिला सोसवेना.

मंगळवारी सकाळी धुकं होतं. दहा वाजून वीस मिनिटांनी तिसऱ्या बोयावरून हाक आली. खालून वर चढत जाणारी, जिन्याखालून कुणी "अगंऽ?" म्हणून विचारावं तशी. ताईने ती लगेच ओळखली. ही ठिगळी. पाठीवर जहाजाच्या पंख्याच्या जुन्या घावाचं पांढरं ठिगळ असलेली देवमाशीण. तीन वर्षं तिचा पत्ता नव्हता. आणि त्या हाकेला लागून दुसरी आली, चिरकी, अर्धवट, वर चढता चढता घसरून पडणारी.

ताईने डोळे मिटले. देवा, पिल्लू!

तिने फोन उचलला. "धाकट्या, हुकूम दे. तिसरा बोया. ठिगळी आहे. आणि एकटी नाही रे!"

"नक्की ना?" भाऊ म्हणाला. "नाही, म्हणजे मागच्या महिन्यात पण नक्कीच होतं. अकरा जहाजं सहा तास रांगत होती, आणि निघालं काय, तर मच्छीमार बोटीचा कुरकुरणारा रहाट."

"टोमणे नंतर मार."

"मी कुठे मारतोय? कप्तान मारतात. रेडिओवर मला ‘मासेवाले’ म्हणतात आता. काल एकाने भाव विचारला."

"पांचट विनोद पुरेत. तिच्याबरोबर पिल्लू आहे. तीन वर्षांत या किनाऱ्यावर जन्मलेलं पहिलं."

पलीकडे खुर्ची सरकली. मग भावाचा आवाज बदलला. "दिला हुकूम," तो म्हणाला. "साहेबांना मी सांभाळतो. ताई... कसं वाजतं गं ते?"

तिने हेडफोन टेलिफोनला लावला. खुराड्यातून टॉवरवर एका पिल्लाची घसरती हाक गेली. "अय्यो," भाऊ म्हणाला, "हे तर अगदी तुझ्या गाण्यासारखं बेसूर आहे."

त्या तासाभरात ताईला तहानभूक राहिली नाही. मायलेकरं हळूहळू बंदराच्या तोंडाकडे सरकत होती. आई विचारी, पिल्लू उत्तर दिल्यासारखं करी. अकरा चाळीसला ठिगळी एकदा बोलली. मग गप्प झाली.

बारा वाजले, साडेबारा झाले. सातही बोये तिने एकेक करून ऐकले. इंजिनं, पाणी, साखळ्या. दुसरं काही नाही.

डॉक्टरीणबाईंना तिने फोन लावला. या बाई देवमाशांच्या डॉक्टर, छोट्या बोटीतून जाऊन त्यांचे फोटो काढणाऱ्या. पण धुक्यात बोट निघत नव्हती. "थांबा, जरा निवळू दे," एवढं म्हणून त्यांनी ठेवला.

एक वाजून चाळीस मिनिटांनी बरोबर दोन तास झाले आणि फोन वाजला.

"ताई, पाच जहाजं तोंडं फुगवून बसलीत. साहेब माझ्या मागे उभे होते, आत्ता चहा आणायला गेलेत म्हणून बोलतोय. काय करू?"

ताईपुढे फॉर्म होता. ‘मुदत वाढवण्याचे कारण’ असा चौकोन. तिने पेन धरलं होतं. टेबलासमोरच्या भिंतीवर डॉक्टरीणबाईंनी पाठवलेला कागद तिनेच चिकटवला होता, आणि त्यात सातव्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं की पिल्लाजवळ असलेली आई फार हळू बोलते, बोया अगदी लगत असल्याशिवाय ते पकडता येत नाही. ती ओळ तिने कितीदा वाचली होती. पण त्याच भिंतीवर, शेजारी, मागच्या महिन्याचं पत्र होतं: पुन्हा चुकीची सूचना दिल्यास या खोलीच्या आवश्यकतेचा फेरविचार करण्यात येईल. आणि खोली गेली की नियम गेला. शिवाय अठरा वर्षं ऐकून ऐकून तिच्या मनाने एक खूणगाठ बांधली होती, जी तिने कधी उघड बोलून दाखवली नव्हती: जे माझ्या कानाला येत नाही, ते तिथे नाही.

"ताई? हो की नाही?"

"पुढे गेली असेल," ताई म्हणाली. "सोड."

दोन पस्तीसला पाचव्या बोयावर एक आवाज झाला. मोठा नव्हता. ओली गोणी फरशीवर टाकावी तेवढाच. मागोमाग मोठ्या इंजिनाची घरघर, आली तशी निघून गेली. जहाजावरच्या लोकांना कळलंसुद्धा नसेल.

मग पिल्लू हाका मारू लागलं. हळू नाही, मोठ्याने.

ताईने फोन करून भावाला सांगितलं. पाठीमागे कुणी तरी विचारत होतं, "काय झालं? काय झालं?" आणि मग भाऊ रेडिओवर हुकूम सांगू लागला, वेग निम्मा करा, वेग निम्मा करा, एकाच स्वरात, पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी धुकं निवळलं आणि डॉक्टरीणबाईंना ठिगळी सापडली. पाण्यावर तरंगत होती. जुन्या ठिगळाच्या खाली नवा घाव होता, माणूसभर लांब. पिल्लू तिच्या पोटाशी डोकं घासत होतं. ती हलत नाही म्हणून लांब जात होतं, हाक मारत होतं, परत येत होतं.

त्या संध्याकाळी ताई घरी आली आणि चपला न काढताच स्वयंपाकघरात बसली. आई भाजी निवडत होती. कानवालीची आई, पण तिला स्वतःला दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नसे. घरात कुणाला गुपित सांगायची सोयच नव्हती. जे सांगायचं ते ओरडून.

"काय झालं?"

"देवमाशीण मेली, आई!" ताई ओरडली. "मीच म्हटलं जाऊ द्या जहाजं!"

"का म्हटलंस?"

"गप्प झाली होती! दोन तास ऐकू आली नाही!"

आईने भाजी बाजूला ठेवली. "पोर होतं ना जवळ? मग गप्पच राहणार बाई ती," ती म्हणाली. "धाकट्याला पाजताना मी तुम्हाला हाका मारत होते का? इतकं हळू बोलायचे त्याच्याशी, की तुझे बाबा शेजारी बसून विचारायचे, काही म्हणालीस का?" मग लेकीचा चेहरा पाहून ती घाईने म्हणाली, "अगं, तुला कुठून ठाऊक असणार?"

"ठाऊक होतं," ताई म्हणाली. पण हे ती ओरडली नाही, त्यामुळे आईला कळलं नाही.

पुढचे तीन दिवस पिल्लू बोलत राहिलं. आणि आता विचार करा, या दैवाला काय म्हणावं! ते बोलत होतं म्हणून नियम लागू होता. जिवंत आईसाठी दोन तासांपलीकडे जी जहाजं थांबली नाहीत, ती तिच्या पोरक्या पिल्लासाठी तीन दिवस मुंगीच्या पावलाने चालली. कप्तान चिडत. पण भावाला आता रेडिओवर मासेवाले म्हणायची कुणाची छाती नव्हती. तो उत्तरच असं कोरडं देई.

ताईने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "काही करता येणार नाही का? काही तरी पाजून?"

"ताई, त्याला आईचं दूध लागतं. घट्ट, लोण्यासारखं. आणि रोज पिंपंच्या पिंपं. आणू कुठून?"

"दुसरी एखादी आई जवळ घेईल."

"या किनाऱ्यावर पिल्लं होण्याच्या वयाच्या तिघीच उरल्या होत्या," बाई म्हणाल्या. "आता दोघी. आणि त्या कुठे आहेत कुणाला माहीत."

"तुम्ही तरी देवाचं नाव घेऊन खोटं सांगायचं होतं."

"तुमच्या कानाला खोटं चालत नाही, ताई."

ताई ऐकत राहिली. पहिल्या दिवशी हाक वर चढून घसरे. दुसऱ्या दिवशी ती वर चढेचना. तिसऱ्या दिवशी नुसती सुरुवात येई, दार उघडताना बिजागरीचा आवाज होतो तेवढी. ताई मनातल्या मनात नामस्मरण करी. पण देवाकडे नेमकं मागायचं काय, ते तिला सुचत नसे. वाचव म्हणावं, तर कशाने वाचवणार? लवकर सोडव म्हणावं, तर जीभ उचलत नव्हती.

शनिवारी दुपारी तीनला चौथ्या बोयावर तो बिजागरीसारखा आवाज आला. पुन्हा आला नाही.

पाच वाजले. फोन वाजला नाही. पाच दहा. ताईने खिडकीतून टॉवरकडे पाहिलं. काचेमागे भाऊ उभा होता, हात मागे बांधून, घड्याळाकडे पाठ करून. वडील कथेत थांबले की असेच उभे राहायचे.

तिने फॉर्म ओढला. ‘मुदत वाढवण्याचे कारण’ या चौकोनात लिहिलं: ऐकू येत नाही. आणि सही करून पाठवून दिला.

तो मंजूर झाला. साहेबांनी कशासाठी केला कोण जाणे, कदाचित वाचलाच नसेल. सहाला तिने दुसरा पाठवला, त्यावरही तेच कारण. सात वाजता तिसरा पाठवला, तो परत आला. वर लाल शाईने एकच शब्द: पुरे.

मग फोन वाजला.

"ताई."

"हं."

"तू काही म्हणू नकोस," भाऊ म्हणाला. "मीच सोडतो आज. तू नुसती फोनवर राहा."

ती फोनवर राहिली. पलीकडे त्याने रेडिओ उचलला आणि एकेका जहाजाचं नाव घेऊन सांगितलं, वाट मोकळी आहे. वाट मोकळी आहे. आवाज कुठेही हलला नाही. सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "अजून आहेस?"

"आहे."

"बंद कर आता ते कानातलं. घरी जाऊ."

पहिल्या बोयावर इंजिन आलं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. पाणी खालपासून वरपर्यंत भरून गेलं. चौथ्या बोयाचा आवाज ताईने शेवटच्या खुणेपर्यंत वाढवला, मोज्याच्या कापडाच्या गाद्या दोन्ही हातांनी कानांवर दाबल्या, आणि त्या घरघरीच्या तळाशी कुणी हळू बोलतंय का, ते ऐकत बसली. भावाने जिन्यावरून दोनदा हाक मारली, ती तिला ऐकू गेली नाही.