बद्द फळ्या

मास्तरांच्या हाताखाली वाद्यं बनवायला शिकलेले बाकी सगळे त्यांना विसरले, डिंक्या तेवढा येत-जात राहिला, आणि गाव त्याबद्दल त्याचं कौतुक करायचं. हे नाव त्याला शिकाऊ असतानाच चिकटलं होतं, कारण हाताला लागलेली वस्तू त्याच्याकडून कधी सुटत नसे. आता त्याचं स्वतःचं गिटारींचं दुकान होतं आणि लाकडासाठी तो सारं गाव पालथं घालायचा. गिटारीच्या पाठीला त्याला परदेशी रोझवूडच हवं असे. ती झाडं तोडायला बंदी आल्यापासून मिळेल ते भंगारातच मिळत होतं: बँकेचं मोडकं काउंटर, मेलेल्या माणसाचा पलंग, कुठे पियानोचं झाकण. आणि जे घ्यायचं त्यालाच तोंडावर नावं ठेवायची, ही त्याची रीत. लोकांच्या कपाटांना तो ‘वाळवीचं जेवण’ म्हणायचा, आणि कपाट हातगाडीवर चढलं की शीळ घालायचा.

मास्तरांच्या माळ्यावर रोझवूडच्या तीन फळ्या आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तोडायला आलेल्या एका जहाजातल्या कप्तानाच्या कपाटाच्या त्या. स्वयंपाकघराला खिडकी पाडायला बायकोने साठवलेले पैसे मास्तरांनी त्यांत घातले होते. खिडकी झाली नाही, आणि फळ्यांचं वाद्यही झालं नाही. हात अजून तेवढा तयार नाही, म्हणत मास्तर थांबत राहिले. मग बायको गेली, दृष्टी गेली, उजवा हात लुळा पडला. आता मुलगी त्यांना घेऊन लहान घरात राहायला निघाली होती आणि फळ्या माळ्यावरून खाली आल्या होत्या.

“दादा, तुम्हीच सांगा यांना,” मुलगी म्हणाली. “आई जन्मभर त्या कोंदट खोलीत खोकत राहिली. कशासाठी? तर ह्या लाकडांसाठी!”

“तू गप्प बस. याला कान आहे, मी दिलाय तो.” मास्तर खुर्चीत सरसावून बसले. “डिंक्या, वाजव. आणि सांग हिला, तिचा बाप मूर्ख होता की नव्हता.”

म्हाताऱ्याला एवढंच हवं होतं. बाप मूर्ख नव्हता हे पोरीने दुसऱ्याच्या तोंडून एकदा ऐकावं, बस्स.

डिंक्याने फळी उचलली. काळ्या रेघांचं तपकिरी अंग, कुठे चीर नाही. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. खरं बोललो तर ही बाई भाव काढत दहा दुकानं फिरेल, हे त्याने ताडलं. फळी टोकाशी दोन बोटांत सैल धरून ठोकली तर घंटेसारखी बोलते; अंगाशी दाबून धरली तर मुकी, बद्द होते. हेही मास्तरांनीच शिकवलेलं. त्याने ती पोटाशी घट्ट दाबली आणि ठोकली.

“बद्द आहे, मास्तर.”

“दुसरी?”

तीही पोटाशी गेली. मग तिसरी.

“तिन्ही बद्दच. जाऊ द्या, मी नेतो उचलून. ताईंची अडगळ कमी होईल.”

म्हाताऱ्याचा चेहरा असा उतरला की मुलीलाही बघवेना. डिंक्याने बघितलंच नाही, तो फळ्या बांधायला दोरी शोधत होता.

“नेतोस कुठे?” मास्तर म्हणाले. “बद्द लाकडाचं आपण काय करतो?”

बद्द लाकूड त्याच दिवशी फोडायचं, चुकूनही चांगल्यात मिसळून कुणाच्या वाद्यात जाता कामा नये, हा मास्तरांच्या कारखान्याचा नियम. शिकाऊ असताना फोडण्याचं काम त्याच्याकडेच असायचं. हावेपायी तो नेमकं हेच विसरला होता.

“घरी नेऊन फोडतो, मास्तर.”

“इथंच फोड. पोरी, कुऱ्हाड आण.”

‘चुकलो’ म्हटलं असतं तरी सगळं वाचलं असतं. पण मग गावात तोंड कुठे दाखवायचं? त्याने तळहातावर थुंकी टाकली आणि घाव घातला.

पहिली गेली, दुसरी गेली. ढलप्या लादीवर टणाटण नाचल्या, खोलीभर गोडसर वास पसरला. डिंक्याचे डोळे भरून आले. ते फळ्यांसाठी, मास्तरांसाठी नव्हे. उगाच गैरसमज नको.

“आवाज कसला रे?”

“लादीचा, मास्तर.”

“थांब. तिसरी एकदा मला वाजवू दे.” मास्तरांनी मुलीला जवळ बोलावलं. “टोकाशी धर. दोन बोटांत. सैल, आणखी सैल.”

डाव्या हाताचं बोट वाकवून त्यांनी ठोकलं. फळी बोलली, भरून बोलली, आणि बराच वेळ बोलत राहिली. म्हातारा लहान पोरासारखा हसला. मुलीला त्यातलं काही कळत नव्हतं. तिने जाणकाराकडे बघितलं. मास्तरांनीही तोंड तिकडेच वळवलं.

“वाजतेय ना रे?”

लादीवर दोन फळ्यांच्या ढलप्या पडल्या होत्या. ‘हो’ म्हटलं की त्यांचा जाब द्यावा लागणार होता.

“नाही, मास्तर,” डिंक्या म्हणाला. “तुम्हाला तसं वाटतंय.”

मास्तरांनी चाचपडत मुलीचा हात धरला.

“तुझ्या आईला खिडकी हवी होती,” ते म्हणाले, आणि फोडायला म्हणून फळी स्वतःच्या हाताने डिंक्यापुढे केली.