पाइपातली दोरी

गोराईच्या घराला गेट लागलं त्याच दिवशी मी म्हटलं होतं, हे माणसांसाठी नाही, हत्तींसाठी केलंय. दोन दारांचं, लोखंडी, उघडायला अंगात जोर हवा. माझा उजवा खांदा गेल्या वर्षापासून धरलेला, हात छातीच्या वर जात नाही. विद्याधर म्हणाले, "पुढे विजेचं करू. बटण दाबलं की उघडेल." सगळी नोकरी बोरिवलीच्या दोन खोल्यांत काढली या माणसाने, आणि खाडीपलीकडे एवढंसं घर काय बांधलं, लगेच थाट सुचायला लागला.

एरवी मी हसले असते. पण तो 'पुढे' ऐकला आणि मी विषय बदलला. डॉक्टरांनी यांना रक्तदाब मोजायला बाहेर पाठवलं होतं आणि मला नि रेवतीला आत बसवून सांगितलं होतं, की यकृतापर्यंत पसरलंय, दिवाळी काढली तरी खूप. बाहेर आल्यावर रेवती डोळे पुसत म्हणाली, "आई, बाबांना कळता कामा नये. ते खचतील." मग तिनेच त्यांना सांगितलं, अल्सर आहे, तिखट बंद. मी मान हलवली. आमच्याकडे असंच करतात, आजाऱ्याला सोडून सगळ्या घराला माहीत असतं.

घर बांधून झालं होतं, फक्त गेटपासून ओट्यापर्यंत गाडीची वाट राहिली होती. तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे. त्या आधी यांनी कुंडलिक इलेक्ट्रिशियनला बोलावून स्वयंपाकघराच्या भिंतीपासून गेटच्या खांबापर्यंत चर खणायला लावला. मोटर नंतर कधीतरी, पण तिच्या वायरीसाठी पाइप आत्ताच पुरायचा.

"आत्ता काय नडलंय?" मी म्हटलं. "मोटर बसेल तेव्हा बघू की."

"आणि तेव्हा बसवलेले ब्लॉक उकरायचे? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तुम्हाला उन्हात बसायला हौस आहे, दुसरं काही नाही."

भांडण तिथे नव्हतं, पण जिथे होतं तिथे मला जाता येत नव्हतं. विद्याधर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून चर कुठे वळतोय ते बघत राहिले. शर्ट अंगावर लटकत होता. मी आत जाऊन विनाकारण कणीक तिंबायला घेतली.

कुंडलिकने पाइप बसवला आणि त्यातून एक नायलॉनची दोरी ओवून ठेवली. "काका, मोटर येईल तेव्हा वायर या दोरीला बांधायची नि ओढून घ्यायची. खोदायचं टेन्शन नाय," तो म्हणाला. दोरीचं एक टोक स्वयंपाकघरात माझ्यापाशी, दुसरं खांबापाशी. विद्याधर मुद्दाम उठून तिथवर गेले.

"वसुधा, मी ओढतो. हाताला लागली की तू ओढ."

दोरी हलली. मी कणकेच्या हातानेच ओढली. त्यांनी पुन्हा ओढली, मी पुन्हा. तपासून केव्हाच झालं होतं, तरी आम्ही दोघं वेड्यासारखे ओढत बसलो होतो. खूप दिवसांनी मला बरं वाटलं.

मग कुंडलिक बटणाची जागा आखायला आत आला. त्याने भिंतीवर पेन्सिलने खूण केली. मागून विद्याधर धापा टाकत आले.

"खाली घे. हिचा हात वर जात नाही. आणि डावीकडे."

"काका, तुमच्या हाईटला ते लय खाली पडेल ना."

"मी कुठे दाबणार आहे? ही एकटीच असणार."

कुंडलिकने पहिली खूण पुसली, खाली दुसरी केली आणि हात धुवायला बाहेर गेला.

"काहीतरीच काय बोलता परक्यासमोर?" मी चिडले.

ते खुर्चीवर टेकले. "अण्णांच्या वेळी अल्सर कोणी सांगितला होता?"

अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांनाही हाच आजार होता. त्यांच्या उशाशी बसून, अल्सर आहे अण्णा, तिखट बंद, असं सांगणारे विद्याधरच होते.

"रेवती तेव्हा पाळण्यात होती, तिला काय माहीत," ते म्हणाले. "पण तुला आठवायला हवं होतं गं."

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"तुम्ही दोघी इतक्या मनापासून खोटं बोलत होतात. मोडवेना."

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. त्यांनी कणकेने भरलेला माझा हात हातात घेतला आणि बोटांवरची कणीक काढत राहिले. रेवतीला आम्ही काही सांगितलं नाही. ती फोनवर पथ्याची चौकशी करायची, हे "तिखटाला शिवत नाही" म्हणायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे.

दिवाळी त्यांना मिळाली नाही.

मोटर बसवायचा हट्ट रेवतीने धरला. कुंडलिक आला, वायर खांबापाशी दोरीला बांधली आणि तिथूनच ओरडला, "काकू, दोरी हलवून बघा, मोकळी हाय का."

मी दोरी ओढली आणि थांबले. पलीकडून कोणी ओढली नाही. मी कशासाठी थांबले ते कुंडलिकला कळायचं काही कारण नव्हतं.

"अडकली काय?"

"नाही रे. मोकळी आहे."

मग त्यानेच आत येऊन वायर ओढून घेतली, जोडणी केली आणि म्हणाला, "दाबा काकू, तुमच्याच हाताने."

मी डावा हात पुढे केला. बटण बरोबर हाताखाली आलं. बाहेर ते हत्तीचं गेट आवाज न करता उघडत गेलं. खांदा जरासुद्धा दुखला नाही. दुखला असता तर बरं झालं असतं. मी का रडतेय ते कुंडलिकला सांगता आलं असतं.