बंद यंत्राचा चावा

आर्विड लेहतोने तो विनोद परत सांगितला, तेव्हा त्याच्या मुलीच्या हातात पाना होता. हा पाना आधी बापाच्या डोक्यात घालावा की शेजारच्या ऑस्मोकाकाच्या, एवढाच काय तो प्रश्न काइसाला पडला होता.

"मग बायको म्हणाली, माझ्याकडे बोट दाखवून बोलू नकोस. म्हटलं, कुठलं दाखवू बाई? त्या बर्फाच्या यंत्राने शिल्लक ठेवलंय का!"

आर्विडने डावा हात वर केला. अंगठ्याच्या शेजारची दोन बोटं मुळापासून गायब. ऑस्मो इतका हसला की त्याच्या कपातली कॉफी बुटावर सांडली. गेल्या हिवाळ्यापासून त्याने हा विनोद इतक्यांदा ऐकला होता की आर्विडने तोंड उघडायच्या आधीच तो हसायला तयार असायचा. आख्ख्या हँकॉक गावात हीच तऱ्हा. किराणावाला हसायचा, चर्चमधले पास्टर हसायचे, पेस्टी, म्हणजे मांसबटाट्याच्या करंज्या, विकणारी बाई तर डोळे पुसत हसायची आणि वर एक पेस्टी फुकट द्यायची. आणि बाप? बाप फुकटची पेस्टी खायचा.

काइसाला मात्र शनिवार आठवायचे. आर्विडचा धंदा साउना, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या लाकडी खोल्या, बांधायचा. देवदाराच्या फळ्या, खिळे, हातोडी. शनिवारी ती मदतीला जायची आणि त्याच्यासाठी खिळा धरायची, कारण त्याला आता तो नीट धरता यायचा नाही. खिळा निसटला की तो खिडकीबाहेर बघायचा, जणू काही पडलंच नाही. त्या वेळी एकही विनोद सुचायचा नाही त्याला!

नवीन स्नोब्लोअर, म्हणजे वाटेवरचा बर्फ उडवायचं यंत्र, खोक्यातून येऊन आठवडा झाला होता. "हरणांच्या शिकारीचा मोसम संपू दे, मग जोडू," आर्विड म्हणाला होता. पण बर्फ काय शिकारीची सुट्टी बघून पडतो? म्हणून काइसानेच गॅरेजात पथारी मांडली. यंदा शाळेत कार्यशाळेचा विषय घेतल्यापासून, आपल्याला न उघडणारा नट अजून जन्माला यायचाय असं तिचं ठाम मत झालं होतं. तिने मुठी बसवल्या, बर्फ बाहेर फेकणारं नळकांडं बसवलं, ते डावी-उजवीकडे वळतंय ना ते पाहिलं. इंजिनात ऑइल ओतलं. कारखान्यातून यंत्र कोरडं येतं, तसंच सुरू केलं की इंजिनाचं मढं.

"ते पातं अजून खाली घे," आर्विड कॉफी पीत म्हणाला. "जमीन खरवडून निघाली पाहिजे."

"आपल्या वाटेवर खडी आहे, बाबा. पातं जमिनीला टेकलं की खडी उडणार. बोटभर वरच राहील."

"उडू दे की."

"ऑस्मोकाकांच्या खिडकीत उडेल."

"ए पोरी, वरच ठेव," ऑस्मो घाईघाईने म्हणाला. मग तो खाली वाकला. "पण पात्याची ही पिन बदल. ही फार कच्ची असते, दगड लागला की तुटते. मी माझ्यात चांगला पोलादी बोल्ट ठोकलाय."

"ती तुटावी म्हणूनच कच्ची असते, काका. ती तुटते म्हणून बाकीचं वाचतं. तुमचा गिअरबॉक्स कसा गेला मागच्या वर्षी?"

"तो म्हातारा झाला होता."

"दोन वर्षांचा होता!"

"आर्विड, तुझी पोरगी फार बोलते."

"आईवर गेलीय," आर्विड म्हणाला. पण आवाजात कौतुक होतं, आणि घटकाभर काइसाचा राग विरघळायला आलाच होता.

तेवढ्यात त्याने खुंटीवरची लाल रबरी दोरी काढली. दोन टोकांना आकडे असलेली, ट्रकवर सामान बांधायची दोरी. डाव्या मुठीवर पातं फिरवणारा दांडा असतो. तो दाबून धरला तरच पातं फिरतं, सोडला की थांबतं. आर्विडने तो दांडा मुठीला चिकटवला आणि दोरीचे वेढे देऊन आकडा अडकवला. इतक्या सहज, जसा कुणी बुटाचा बंद बांधतो.

"हे काय करतोयस?"

"काय म्हणजे? तासभर तो दांडा दाबून कोण धरणार? माझ्या पंज्याला गोळे येतात."

"बोटं जायच्या आधीही बांधायचास!"

"सगळेच बांधतात," ऑस्मो म्हणाला. "मीच शिकवलंय त्याला."

काइसाने आकडा उचकटला आणि दोरी भिरकावली. ती रंगाच्या डब्यांवर जाऊन आदळली. "मग यंत्र मी चालवीन. तू हात लावू नकोस."

आता आर्विडचाही चेहरा लाल झाला. "ऐक. मी मूर्ख नाही. त्या दिवशी नळकांडं तुंबलं, तेव्हा मी इंजिन बंद केलं होतं. बंद! किल्ली काढून खिशात टाकली होती. मगच हात घातला. तरी त्याने चावा घेतला. याचा दोरीशी काय संबंध? नशीब होतं ते. आणि माझ्या घरात कोण काय चालवणार, ते मी ठरवीन."

तो ऑस्मोला घेऊन निघून गेला. काइसाने यंत्राच्या चाकाला एक लाथ हाणली. चाकाला काही झालं नाही. अंगठा मात्र ठणकला.

बंद यंत्र चावतं कसं? हा प्रश्न तिला जेवतानाही सोडेना. ती ताटावरून उठली आणि शेडमागे गेली. बोटं खाणारं जुनं यंत्र तिथे ताडपत्रीखाली पडलं होतं. दांड्याभोवती दोरी अजून होती. कुणी सोडलीच नव्हती. तिने वरचं झाकण खोललं आणि आत टॉर्च मारला.

इंजिनाकडून एक पट्टा नळकांड्यात बर्फ लोटणाऱ्या आतल्या पंख्याकडे जात होता. पट्टा ताणून बसला होता. तिने दोरी सोडली. दांडा टपकन वर आला, पट्टा ढिला पडला आणि बाजूचा एक छोटा ब्रेक येऊन पंख्याला आवळून बसला. तिने दांडा परत दाबला. पट्टा ताठ, ब्रेक दूर. सोडला. पट्टा ढिला, ब्रेक गच्च. दाबला. सोडला. दहा वेळा करून पाहिलं.

म्हणजे दोरी बांधलेली असली की इंजिन बंद करून काही होत नाही. पट्टा गलोलीच्या रबरासारखा ताणलेलाच राहतो. पंखा फक्त बर्फाच्या ढेकळात अडकलेला असतो, म्हणून गप्प. ढेकूळ काढलं की गलोल सुटते. एक झटका, तेवढा पुरे.

नशीब! काइसा अंधारात मोठ्याने म्हणाली, आणि पुढे एक शिवी हासडली, जी पास्टरांनी ऐकली असती तर ते कुठल्याही विनोदाला पुन्हा हसले नसते. लाल दोरी! एवढीशी, सगळे बांधतात ती दोरी!

ती तशीच घरात धावली, पण आर्विड झोपायला गेला होता. सकाळी ती उठायच्या आत तो कामाला गेलेला. आणि सकाळपासून गावाशेजारच्या सरोवरावरून बर्फ यायला लागला. भुरभुरीत नाही, तर ओला, जड, ओल्या घोंगडीसारखा. गणिताच्या तासाला तिने खिडकीबाहेर पाहिलं. बोटं गेली त्या दिवशीही असाच बर्फ होता. बापाला फोन केला, तर त्याने उचलला नाही. तिने सगळं लिहून पाठवलं, तेही त्याने पाहिलं नाही. त्या माणसाला फोन म्हणजे फक्त हवामान बघायचं खेळणं!

शाळेची बस कोपऱ्यावर थांबली, तेव्हा बर्फ लोटणारा ट्रक नुकताच गल्लीतून गेला होता. जाता जाता त्याने प्रत्येक घराच्या तोंडाशी करड्या चिखलबर्फाचा कंबरभर बांध घालून ठेवला होता. तो बांध फोडत आर्विड उभा होता. काइसाला लांबूनच नवं यंत्र दिसलं. डाव्या मुठीवर लाल काहीतरी दिसलं.

यंत्र दोनदा खोकलं. नळकांड्यातून एक लिबलिबीत गोळा पडला आणि मग काहीच येईना. तुंबलं. आर्विडने इंजिन बंद केलं. किल्ली काढली, खिशात टाकली. उजव्या हाताचा मोजा काढला. वाकला.

"हात काढ!" काइसाने दप्तर रस्त्यातच टाकलं आणि धावली. "बाबा! हात काढ!"

"ओरडतेस काय? बंद आहे!"

"तेव्हाही बंद होतं!"

तो थबकला. उजवा हात नळकांड्याच्या तोंडाशी, वीतभर अंतरावर. तो चांगला हात, पाचही बोटांचा, ज्याच्यावर घर चाललं होतं. काइसाने त्याला खांद्याने ढकललं. तो घसरून बर्फात बसला आणि चांगलाच खवळला.

"वेड लागलंय का तुला?"

"बघ. फक्त बघ."

यंत्राच्या अंगावर तुंबलेला बर्फ काढायची प्लास्टिकची काठी अडकवलेली असते. ती काल तिनेच अडकवली होती. बापाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिने काठी काढली, यंत्राच्या बाजूला उभी राहिली आणि नळकांड्यात खुपसली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आतलं ढेकूळ हललं.

धाड!

काठी तिच्या हातातून हिसकावली गेली. अर्धी आत राहिली, अर्धी उडून बांधावर जाऊन पडली. इंजिन बंद होतं. किल्ली आर्विडच्या खिशात होती. काइसाचा तळवा मिरच्या चोळल्यासारखा झोंबत होता.

आर्विडने बसल्या बसल्या खिशातली किल्ली चाचपली. बर्फ त्याच्या टोपीवर साठत होता.

"दोरी," काइसा धापा टाकत म्हणाली. "दांडा बांधलेला असला की आतला पट्टा ढिला पडत नाही. इंजिन बंद केलंस तरी जोर आत कोंडून राहतो. दांडा सोडला असतास तर ब्रेक लागला असता. काल मी जुनं उघडून पाहिलं. नशीब नव्हतं ते, बाबा."

"मी सगळं बरोबर केलं होतं," तो हळू म्हणाला. "बंद केलं. किल्ली काढली."

"सगळं नाही."

हे बोलल्याबरोबर तिला वाटलं, नको होतं बोलायला. पण राग असा थोडाच थांबतो! "आणि परत तेच करत होतास! उजवा गेला असता तर? मग खिळा मी धरायचा, हातोडी मी मारायची आणि तू काय करणार होतास? नवा विनोद?"

"गेल्या वर्षी कुणी का नाही सांगितलं मला?" आता तो ओरडला. "डॉक्टरने नाही, दुकानदाराने नाही, कुणीच नाही!"

"सांगणार कधी? वर्षभर तू सगळ्यांना हसवतच होतास. मध्ये बोलायला जागा कुठे होती?"

 आर्विड उठला, त्याने मुठीवरच्या दोरीचा आकडा ओढला. डाव्या हाताने येईना म्हणून उजव्याने ओढला. शेवटी दोरी सुटली. दांडा वर आला.

रस्त्यापलीकडे ऑस्मो आपला बांध फोडत होता. एका हातात कॉफी, दुसरा हात कोटाच्या खिशात, आणि पुढे पातं गरगर फिरतंय. "काय रे आर्विड!" तो ओरडला. "आज कुठलं गेलं?"

आर्विड हसला नाही. सरळ रस्ता ओलांडून गेला. काइसाने बापाला इतक्या जोरात चालताना कधी पाहिलं नव्हतं.

"बंद कर ते."

"अरे, गंमत केली मी—"

"बंद कर, ऑस्मो! आणि ती दोरी सोड. आत्ता. माझ्यासमोर."

"पोरीने शिकवलं वाटतं?"

"हो, पोरीनेच शिकवलं! तू शिकवलेलं मला महागात पडलं!"

समोरच्या घराचा पडदा हलला. ऑस्मोच्या हातातली कॉफी तशीच राहिली. तो काहीतरी पुटपुटला, चाळीस वर्षं असंच चालवतोय म्हणाला, माझ्या दारात येऊन मला सांगू नको म्हणाला. पण आर्विड हलेना. शेवटी ऑस्मोने इंजिन बंद केलं, दोरी सोडून बर्फात फेकली आणि धाडकन दार लावून घेतलं. उद्या तो परत बांधेल, काइसाच्या मनात आलं. बांधलीच, तर ती परत सोडेल. दररोज सोडेल!

आर्विड परत आला तो धुमसतच. तिच्यावर, ऑस्मोवर, बर्फावर, कुणावर ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"सरक, मी करतो," तो म्हणाला.

"नाही. मी करते. तुझ्या हाताला गोळे येतात. माझ्या नाही येत."

"काइसा."

"बाबा."

 मग त्याने खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर जवळजवळ आपटली. तिने आधी मोडक्या काठीच्या अर्ध्या तुकड्याने नळकांडं साफ केलं, आत अडकलेला अर्धा बाहेर पाडला, मगच किल्ली लावली आणि इंजिनाची दोरी ओढून ते सुरू केलं. नळकांड्याचं तोंड मोकळ्या बाजूला वळवलं. दांडा दाबला. पातं फिरलं, आणि बांधाचा करडा चिखल कमान करून उडायला लागला.

आर्विड बांधाच्या पलीकडे, नेमका उडत्या बर्फाच्या वाटेत येऊन उभा राहिला.

"बाजूला हो!" काइसाने दांडा सोडून हात हवेत फेकले. "दगड आला त्यातून, तर डोळा जाईल!"

पातं थांबलं होतं. इंजिन धडधडत होतं, पण पातं जागच्या जागी गप्प. आर्विड त्या पात्याकडे बघत राहिला. 

"थांबतं की," तो म्हणाला.

"थांबायलाच हवं."

"मग आता थांबवून भाषण काय देतेस?" तो गुरगुरला आणि चार पावलं बाजूला झाला. मग आणखी चार. "चालव. तुझ्या आईची गाडी यायची वेळ झाली, वाट मोकळी हवी."